तेरा हजारांच्या अलीकडे

हेमलता पाटणकर बैठकीत कधी बोलत नसत. दिल्लीतल्या एका सरकारी खात्याच्या सांख्यिकी विभागात त्यांची एकतीस वर्षं गेली होती आणि त्यातल्या शेकडो बैठका त्यांनी भिंतीलगतच्या खुर्चीवरून ऐकल्या होत्या. टेबलाशी साहेब लोक बसायचे, भिंतीशी त्यांच्यासारखे. कुणी आकडा विचारला की हेमलताबाई तो सांगायच्या आणि पुन्हा वहीत मान घालायच्या. त्यांचा आकडा चुकला, असं मात्र एकदाही झालं नव्हतं. नव्या साहेबांना जुने लोक सांगायचे, "पाटणकर मॅडमना विचारा," आणि तेवढ्यावर त्यांची खात्यातली ओळख संपायची.

लग्न होऊन दिल्लीला आल्या तेव्हा त्यांना हिंदीतलं 'पौने दो' म्हणजे नक्की किती, हेही दोनदा विचारावं लागायचं. आता भाजीवाल्याशी त्या हिंदीत घासाघीस करायच्या आणि घरी रागावल्या तरी निम्मे शब्द हिंदीच निघायचे. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये नवरा श्रीरंग आणि मुलगा साकेत. श्रीरंगराव दोन वर्षांपूर्वी रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाले होते आणि मोबाइलवर बघून बघून स्वयंपाक शिकत होते. साकेत गुरुग्रामला एका आयटी कंपनीत होता. हेमलताबाईंच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. ती शांतपणे काढायची, असंच त्यांनी ठरवलं होतं.

पण खात्याची एक योजना त्यांच्या टेबलावर आली.

ज्या घरात एकटी बाईच कमावती आहे, तिला दरमहा दोन हजार रुपये साहाय्य, अशी ती योजना. राजधानी क्षेत्रातल्या चार जिल्ह्यांत ती प्रायोगिक म्हणून सुरू होती. अट एकच होती. बाईचा पगार तेरा हजारांच्या आत हवा. त्याच्यावर एक रुपया गेला तरी साहाय्य बंद. दीड वर्ष झाल्यावर आढावा घ्यायचं ठरलं आणि सगळ्या लाभार्थी बायकांच्या आणि त्याच कामांवरच्या इतर बायकांच्या पगाराचा आलेख काढायचं काम हेमलताबाईंकडे आलं.

आलेख पडद्यावर उमटला तेव्हा त्यांनी आधी आपलीच चूक शोधली. साडेबारा हजारांपासून तेरा हजारांपर्यंत बायकांची ही मोठी रास. तेरा हजारांच्या पुढे जवळजवळ सामसूम. मग पंधरा-साडेपंधरा हजारांपासून पुन्हा माणसं दिसू लागत होती. पगार असे तुटक नसतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी सगळी माहिती पुन्हा घातली. आलेख तसाच आला.

त्यांचे संचालक वर्गीस हे केरळचे, हुशार आणि घाईत असणारे गृहस्थ. त्यांनी आलेख पाहिला आणि मान हलवली.

"लपवतायत," ते म्हणाले. "मालकाशी संगनमत करून पगार कमी दाखवतात. दर सहा महिन्यांनी तपासणी हवी. बाहेरची एजन्सी नेमू या."

"सर, हे आकडे बायकांनी सांगितलेले नाहीत. बँकेत जमा झालेल्या पगाराचे आहेत."

"मग उरलेले रोख घेत असतील."

"असतीलही. पण कुणी जाऊन विचारलंय का त्यांना?"

वर्गीसांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. पाटणकर मॅडम प्रश्न विचारतात, हे त्यांना नवीन होतं. "सांख्यिकी विभाग फील्डवर जात नाही," ते म्हणाले आणि पुढची फाइल ओढली.

हेमलताबाईंनी दोन दिवसांची किरकोळ रजा टाकली.

घराजवळून मेट्रो धरली की थेट नोएडाच्या हद्दीत उतरता येतं. तिथून त्या रिक्षाने एका कारखान्यात गेल्या. शाळेचे गणवेश शिवायचा तो कारखाना होता. आपण कोण, हे त्यांनी मालकाला सरळ सांगितलं आणि तपासणी नाही, फक्त बोलायचं आहे, असं म्हटलं. जेवणाच्या सुट्टीत मालकाने एका बाईला बोलावलं.

तिचं नाव रामरती. चाळिशीची, बदायूंकडची, नवरा गेल्यावर दोन मुलींना घेऊन इथे आलेली. शिवून आलेले शर्ट तपासायचे आणि घड्या घालून बांधायचे, हे तिचं काम. आठ वर्षं ती तेच करत होती.

"हिला मी दोनदा म्हटलं, लाइनची सुपरवायझर हो," मालक हिंदीत म्हणाला. "नाही म्हणते. आता दुसरीला केलं. ती हिच्यापेक्षा चार वर्षांनी नवी."

मालक गेल्यावर हेमलताबाईंनी विचारलं, "का नाही म्हणालीस?"

रामरतीने डब्याचं झाकण लावलं आणि हिशेब असा सांगितला, जसा कुणी घराचा पत्ता सांगावा. आत्ता पगार बारा हजार सातशे. त्यावर सरकारचे दोन हजार. झाले चौदा हजार सातशे. सुपरवायझर झालं की पगार साडेचौदा, आणि सरकारचे बंद.

"दो सौ कम, मैडम," ती म्हणाली. "और गाली ऊपर से."

"पण पुढे पगार वाढला असता की."

"वाढला असता. पण काम सुटलं तर?" सुपरवायझर पहिला काढतात, असं ती म्हणाली. तिच्या गल्लीतल्या एकीचं साहाय्य असंच बंद झालं होतं. नंतर नोकरी गेली, पगार शून्यावर आला, तरी पुन्हा नाव चढायला आठ महिने लागले. दाखला आणा, शिक्का आणा, पुढच्या महिन्यात या. "आठ महिने मैं क्या खिलाऊँ?"

"पगाराची उरलेली रक्कम रोख घेतेस का?" हेमलताबाईंनी विचारलं. विचारायला संकोच वाटला, पण त्या त्यासाठीच आल्या होत्या.

रामरती हसली. तिला राग आला नाही. "रोख मिळाली असती तर घेतली असती. मालक देत नाही. मी जादा कामालाच नाही म्हणते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सगळ्याच नाही म्हणतो. मालक वैतागतो."

त्या दोन दिवसांत हेमलताबाई आणखी चार ठिकाणी गेल्या, एकोणतीस बायकांशी बोलल्या. तिघींनी थोडं रोखीने घेतो, असं कबूल केलं. बाकी सगळ्यांचं उत्तर रामरतीसारखं होतं. कुणी ओव्हरटाइम सोडला होता, कुणी बढती, कुणी जवळचा मोठा कारखाना सोडून लांबचा छोटा धरला होता. त्यांतल्या कुणी लपवत नव्हत्या. त्या तेरा हजारांच्या अलीकडे थांबत होत्या, कारण थांबणंच शहाणपणाचं होतं.

परतीच्या मेट्रोत त्यांना अण्णांची, म्हणजे वडिलांची, आठवण येत राहिली. अण्णा कऱ्हाडला एका छापखान्यात खिळे जुळवायचे. हेमलता कॉलेजात गेली ती फीमाफीवर, आणि फीमाफीला घरच्या उत्पन्नाची मर्यादा होती. एका वर्षी मालकांनी त्यांना फोरमन करायचं ठरवलं. अण्णांनी हात जोडून नको म्हटलं. का, ते मुलीला कळू दिलं नाही. हेमलताला ते कळलं पुष्कळ नंतर, आईकडून. तोवर अण्णांच्या हाताखाली शिकलेले दोघं फोरमन होऊन निवृत्त झाले होते. त्यांच्याबद्दल अण्णा कधी वाकडं बोलले नाहीत, पण छापखान्याच्या कार्यक्रमाला जाणं त्यांनी बंद केलं होतं. चांगला कारागीर महत्त्वाकांक्षी नव्हता, असंच गावात सगळे समजत राहिले.

सोमवारी हेमलताबाईंनी टिपण लिहिलं, तीन पानांचं. बायका लबाडी करत नाहीत, नियमच त्यांना अडवतो आहे, हे त्यात आकड्यांनिशी होतं. वर्गीसांनी ते 'पाहिले' असा शेरा मारून परत पाठवलं. पंधरा दिवसांनी त्यांनी ते दुरुस्त करून पुन्हा पाठवलं. ते पुन्हा परत आलं, या वेळी शेरा होता, 'पर्याय काय?'

हा प्रश्न खरा होता, आणि त्याचं उत्तर त्यांच्यापाशी पुरतं तयार नव्हतं. मर्यादा वाढवून पंधरा हजार करा, असं म्हणणं सोपं होतं. मग रास पंधरा हजारांपाशी जमली असती, एवढंच. साहाय्य सगळ्यांनाच द्या, तर तेवढे पैसे नव्हते.

त्याच रविवारी साकेत जेवायच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसला होता आणि चिडचिड करत होता. श्रीरंगरावांनी केलेली आमटी निवत होती.

"काय झालं रे?" त्यांनी विचारलं.

"अहो बाबा, बोनसमुळे करपात्र उत्पन्न बारा लाखांच्या वर गेलं. जेमतेम पंधरा हजारांनी. बारापर्यंत काही कर नाही, आणि वर गेलो तर हा बासष्ट हजार दाखवतोय. यार, असा बोनस घ्यायचाच कशाला?"

हेमलताबाई वाटीत आमटी घालता घालता थांबल्या. "नाही म्हणून सांगायचं होतंस कंपनीला."

"आई, प्लीज." मग त्याने कुणाला तरी फोन लावला, पाचेक मिनिटं बोलला आणि निवळला. "अच्छा, ठीक आहे. मार्जिनल रिलीफ आहे. जेवढं बारा लाखांच्या वर, त्याहून जास्त कर घेत नाहीत. थोडा सेस वर. म्हणजे वरचे पंधरा हजार गेले म्हणायचे, पण त्याहून फारसं जात नाही."

"हे कुणी केलं?"

"म्हणजे? कायद्यातच आहे. कमाई वाढली म्हणून हातात कमी येऊ नये, एवढा विचार कुणीतरी केलाच असणार ना."

"तुझ्यासाठी केला," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी रामरतीचं सगळं सांगितलं. साकेतला ते तितकंसं पटलं नाही. "पण आई, मी माझ्या कमाईवर कर भरतोय. तिला फुकट मिळतंय. दोन्ही सारखं कसं?"

"सारखं नाहीच. पण तुझ्या डोक्यात जो प्रश्न आला, घ्यायचाच कशाला, तोच तिच्या डोक्यात आला. तू तो पाच मिनिटं विचारलास. ती तीन महिन्यांत दोनदा तोच विचार करून बढतीला नाही म्हणाली. आणि तुझी ही जी सवलत आहे, तीही फार चांगली नाही. तुझे वरचे पंधरा हजार गेलेच की सगळे. वर गेल्यावर थोडं तरी हातात उरायला हवं. नाहीतर कोण कशाला धडपडेल?"

"ते बिल्कुल खरं," साकेत म्हणाला आणि जेवायला लागला.

त्या संध्याकाळी हेमलताबाईंनी पर्याय लिहून काढला. साहाय्य एकदम तोडायचं नाही. तेरा हजारांच्या वर पगार गेला की जादा कमावलेल्या दर शंभर रुपयांमागे साहाय्यातून पन्नास कमी करायचे. म्हणजे बाईने कितीही जास्त काम केलं तरी तिच्या हातात आधीपेक्षा जास्तच येईल, आणि सरकारचा हात हळूहळू सुटत जाईल. दुसरं, एकदा बाहेर पडलेल्या बाईचं नाव दोन वर्षं यादीत राहील. पगार खाली आला तर पुढच्याच महिन्यात साहाय्य सुरू, नवा दाखला न मागता. 'पायरी नको, उतार हवा,' असं त्यांनी टिपणाच्या डोक्यावर लिहिलं, मग खोडलं, आणि मग पुन्हा लिहिलं.

तिसरं टिपण परत आलं नाही. वर्गीस स्वतः त्यांच्या टेबलापाशी आले.

"तुम्ही रजा टाकून गेला होतात?"

"हो सर."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तुम्हाला नाही म्हणावं लागलं असतं."

"बैठकीत तुम्हीच मांडा," ते म्हणाले. "पण वित्त विभागाच्या भटनागर मॅडम तुमचे लचके तोडतील, हे आधीच सांगतो."

बैठकीच्या दिवशी हेमलताबाई आयुष्यात पहिल्यांदा टेबलाशी बसल्या. त्यांनी आलेख दाखवला, मग रामरतीचे दोन हिशेब दाखवले, आजचा आणि नव्या नियमाचा. मग म्हणाल्या, "करदात्याची कमाई मर्यादेच्या किंचित वर गेली तर त्याच्या हातात आधीपेक्षा कमी येऊ नये, अशी सोय कायद्यात आहे. इथल्या अनेकांच्या मुलांनी ती याच वर्षी वापरली असेल. माझ्या मुलाने वापरली. त्याला कुणी लबाड म्हटलं नाही."

टेबलाभोवती थोडी चुळबुळ झाली. श्रीमती भटनागर मात्र शांत होत्या. केस पांढरे, आवाज बारीक, आणि समोर आधीच आखलेला कागद.

"तत्त्व मला मान्य आहे," त्या म्हणाल्या. "पण आज ज्या बाईला साडेचौदा हजार पगार आहे, तिला काही मिळत नाही. तुमच्या नियमाने तिलाही मिळेल. अशा किती बायका आहेत?"

हेमलताबाईंनी आकडा सांगितला. तो त्यांना पाठ होता.

"मग हा पैसा कुठून येणार? माझ्याकडे वाढीव तरतूद नाही. उतार हवा असेल तर मूळ रक्कम कमी करा. दोन हजारांचे सतराशे. खर्च बरोबर जुळतो, मी करून पाहिलाय."

तो जुळत होता. हेमलताबाईंनीही तो करून पाहिला होता. वर्गीसांनी त्यांच्याकडे आशेने बघितलं, कारण होकार दिला असता तर प्रस्ताव तिथल्या तिथे मंजूर झाला असता.

"नाही," हेमलताबाई म्हणाल्या. "सतराशे केले तर पाच-सहा हजार कमावणाऱ्या बाईचे तीनशे जातात. ती आजारी असेल, म्हाताऱ्या सासूला सोडून बाहेर पडता येत नसेल. तिला काम वाढवता येत नाही, म्हणून ती तिथे आहे. वर चढू शकणारीसाठी शिडी करायची आणि तिचं लाकूड खालच्या बाईच्या घरातून घ्यायचं, हे मी लिहून देणार नाही."

"मग?"

"दोन गोष्टी. शंभराला पन्नासऐवजी साठ कापा. खर्च कमी होईल, तरी बाईला शंभरातले चाळीस उरतील. रामरतीने बढती घेतली तर तिला आजच्यापेक्षा नऊशे जास्त मिळतील. आणि दर सहा महिन्यांच्या तपासणीसाठी जी एजन्सी नेमायची आहे, ती नेमू नका. त्या पैशात उरलेलं भागतं. जिथे वर गेल्याने नुकसान नाही, तिथे लपवायचं कारणही फारसं उरत नाही. बँकेचे आकडे आपल्याकडे येतातच."

भटनागर मॅडमनी पेन उचललं आणि त्या कागदावर बराच वेळ काहीतरी करत राहिल्या.

"चारही जिल्ह्यांत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "दोन जिल्हे, एक वर्ष. आणि साहाय्याच्या खिडकीवरचा कारकून हे साठ-चाळीस कसं करणार, ते तुम्ही मला दाखवायचं."

हेमलताबाईंनी ते दाखवलं. एका पानाचा तक्ता केला. डावीकडे पगार, उजवीकडे साहाय्य, मध्ये काही गणित नाही. मग तो तक्ता घेऊन त्या स्वतः नोएडाच्या खिडकीवर गेल्या आणि तिथले कारकून हरिदास यांच्या शेजारी सबंध सकाळ बसल्या. हरिदासांना दोन ओळी एकमेकींत मिसळल्यासारख्या वाटत होत्या. घरी येऊन हेमलताबाईंनी तक्ता मोठ्या अक्षरात पुन्हा छापला. पहिल्या महिन्यात तरीही चाळीस जणींना चुकीची रक्कम गेली, आणि वित्त विभागाकडून खरमरीत पत्र आलं. त्यांनी एकेक प्रकरण काढून दुरुस्त केलं आणि पत्राला उत्तर दिलं.

रामरतीला लगेच काही मिळालं नाही. सुपरवायझरची जागा भरलेली होती. पण महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तिने जादा काम नाकारणं सोडलं. पाच महिन्यांनी कारखान्यात दुसरी लाइन सुरू झाली आणि ती तिच्या हाती आली. मग पावसाळ्यात ऑर्डर घटल्या, लाइन बंद झाली आणि तिचा पगार पुन्हा खाली आला. हेमलताबाईंनी त्या महिन्याची यादी उघडून आधी तिचंच नाव शोधलं. पुढच्या महिन्याच्या सात तारखेला पूर्ण दोन हजार तिच्या खात्यात गेले होते. तिला कुणी दाखला मागितला नव्हता. दिवाळीआधी लाइन पुन्हा सुरू झाली आणि या वेळी रामरतीने एकदाही विचार न करता होकार दिला.

वर्षाअखेर हेमलताबाईंनी नवा आलेख काढला. रास पुरती गेली नव्हती. नवा नियम अजून कित्येकींना ठाऊकच नव्हता, आणि ज्यांना ठाऊक होता त्यांतल्याही काहींचा सरकारवर विश्वास नव्हता. पण तेरा हजारांच्या पुढची सामसूम मोडली होती. चौदा, साडेचौदा, पंधरा, सगळीकडे बायका दिसत होत्या.

आढावा बैठकीत उरलेल्या दोन जिल्ह्यांतही उतार लागू करायला मंजुरी मिळाली. त्याबरोबर वित्त विभागाची एक सूचना आली, की शंभराला साठऐवजी ऐंशी कापावेत.

"घेऊन टाका मॅडम," वर्गीस बाहेर आल्यावर म्हणाले. "चार जिल्हे मिळतायत. ऐंशी तर ऐंशी."

"शंभरातले वीस उरतात, सर. वीस रुपयांसाठी कुणी सुपरवायझरच्या शिव्या खाणार नाही. थोड्याच दिवसांत रास परत जमेल आणि मग लोक म्हणतील, बघा, बायकांना कामच नको."

"तुमच्या निवृत्तीला किती राहिलं?"

"अडीच वर्षं."

"आणि भटनागर मॅडम हलल्या नाहीत तर?"

"आकडे घेऊन पुन्हा जाईन. त्या आकड्यांना मानतात," हेमलताबाई म्हणाल्या, आणि ऐंशीच्या हिशेबात कोणत्या पगारापाशी किती बायका थांबतील, ते काढायला आपल्या टेबलाकडे वळल्या.